इंग्लंडच्या खेड्यात अ‍ॅम्ब्युलन्सचं राखीव स्वयंसेवक कसं व्हायचं: अर्जापासून पहिल्या कॉलपर्यंत

आमच्या गावापासून सर्वांत जवळचं अ‍ॅम्ब्युलन्स स्टेशन १४ मैलांवर आहे. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना झुडपांची उंच कुंपणं, आणि हिवाळ्यात पहाटे त्यावर काचेसारखा बर्फ. इथे कोणाचं हृदय बंद पडलं, तर गाडी कितीही जोरात आली तरी पहिली दहा-पंधरा मिनिटं गावातल्याच माणसांच्या हातात असतात. छातीदाब आणि विजेचा शॉक मिळाला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण १० टक्क्यांनी घटत जाते. म्हणून इथल्या अ‍ॅम्ब्युलन्स सेवांनी एक साधी सोय केली आहे. गावातल्याच काही जणांना शिकवून तयार ठेवायचं, त्यांच्या घरी एक पिशवी द्यायची, आणि ९९९ या इथल्या आपत्कालीन नंबरवर गंभीर कॉल आला की अ‍ॅम्ब्युलन्स पाठवतानाच त्यांनाही कळवायचं. या स्वयंसेवकांना कम्युनिटी फर्स्ट रिस्पॉन्डर म्हणतात. बोलताना सगळे सीएफआर म्हणतात.

मी मूळची कराडची. इथे एका कंपनीत पगारपत्रकांचं काम करते. वैद्यकीय शिक्षण काहीही नव्हतं. पाच वर्षं झाली, सीएफआर आहे. अर्ज केल्यापासून पहिल्या कॉलपर्यंत मला ११ महिने लागले, आणि त्यातले निदान चार महिने अशा कागदांपायी गेले जे आधी कोणी सांगितलं असतं तर आठवड्यात झाले असते. मराठी मंडळातल्या ओळखीच्यांनी विचारलं की दर वेळी फोनवर तासभर सांगायचे. आता सगळं एकदाच नीट लिहून काढलं आहे.

१. आधी नाव आणि काम समजून घ्या

'तू पॅरामेडिक झालीस म्हणे!' असं मला लोक म्हणतात. तसं कोणाला म्हणू देऊ नका, स्वतःबद्दल कुठे लिहूही नका. ब्रिटनमध्ये पॅरामेडिक हे नाव कायद्याने राखून ठेवलेलं आहे. त्यासाठी विद्यापीठाचं शिक्षण लागतं आणि हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलच्या यादीत नाव असावं लागतं. त्या यादीत नसताना हे नाव लावणं हा गुन्हा आहे. आपण पॅरामेडिक येईपर्यंतचे राखीव हात.

भारतात डॉक्टरकी किंवा नर्सिंग करून आलेल्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं. तुम्ही पुण्यात बीएएमएस केलेलं असो, की मुंबईत दहा वर्षं आयसीयूत काढलेली असोत, हिरवा गणवेश घातला की सीएफआरला जेवढं शिकवलं आणि परवानगी दिली तेवढंच करायचं. महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झालेल्या १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो, त्यामुळे आपल्याकडचे लोक इथेही 'डॉक्टर कधी येणार?' असं विचारतात. इथे गाडीतून पॅरामेडिक येतो आणि बहुतेक निर्णय तोच घेतो. घाबरलेल्या घरच्यांना हे शांतपणे सांगणं हेही आपल्याच कामात येतं.

इंग्लंडमध्ये २०१७ पासून ९९९ चे कॉल मुख्यतः चार गटांत विभागतात. पहिला गट म्हणजे आत्ता जीव जाण्याची भीती: हृदय बंद, श्वास बंद, घशात घास अडकलेला. तिथे सरासरी ७ मिनिटांत पोचायचं उद्दिष्ट असतं. दुसरा गट म्हणजे छातीत दुखणं, पक्षाघाताचा संशय, धाप लागणं. त्याचं उद्दिष्ट सरासरी १८ मिनिटांचं. सीएफआरला प्रामुख्याने या दोन गटांचे कॉल येतात. मारामारी, बाळंतपण, मोठे रस्ते अपघात अशा ठिकाणी बहुतेक सेवा सीएफआरला पाठवत नाहीत. नियम विभागानुसार बदलतात, तेव्हा अर्ज करतानाच विचारून घ्या.

दुसरे रस्तेही आहेत. शहरात राहत असाल तर सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स ही १८७७ पासूनची संस्था बघा. जत्रा, सामने, मॅरेथॉन अशा ठिकाणी त्यांचे स्वयंसेवक प्रथमोपचार देतात, आणि सरकारी आरोग्यसेवेवर ताण आला की जादा गाड्या आणि माणसं पुरवण्याचं कामही २०२२ साली याच संस्थेला दिलं गेलं. गर्दीत काम करायला ज्यांना आवडतं त्यांना तिकडे बरं वाटेल. मला एकेका घरात जाऊन बसणं जमतं, म्हणून मी इकडे.

२. घरच्यांशी बोला, मग अर्ज उघडा

ड्यूटीच्या वेळा तुम्ही ठरवता, हे खरं आहे. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये 'मी उपलब्ध' केलं की तुम्ही कामावर, बंद केलं की मोकळे. महिन्याला अमुक तास द्यावेत अशी अपेक्षा असते. सध्या मी आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि रविवारी सकाळी असते.

पण उपलब्ध म्हणजे खरोखर उपलब्ध. घरात लहान मूल आणि तुम्ही एकट्या, तर अ‍ॅप बंद ठेवा. मुलांना गाडीत घेऊन कॉलला जाता येत नाही. जेवताना वाइन घेतली, अ‍ॅप बंद. रात्री झोप झालेली नाही, अ‍ॅप बंद. आमच्याकडे ड्यूटीच्या संध्याकाळी कुकर माझ्याऐवजी नवरा लावतो, कारण एकदा मी गॅसवर फोडणी टाकली आणि फोन वाजला. गॅस बंद करायला गेलेले ते दोन सेकंद मला फार मोठे वाटले होते.

शरीराचंही बघा. हे काम जमिनीवर गुडघे टेकून करायचं असतं. दोन मिनिटं न थांबता छातीदाब देता येतो का, पिशवी आणि ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन जिना चढता येतो का, हे विचारतील आणि करूनही बघतील.

३. व्हिसा आणि गाडी: सगळ्यांत जास्त लोक इथे अडतात

स्किल्ड वर्कर व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असलेल्यांना आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराला स्वयंसेवी काम करता येतं. विद्यार्थ्यांनी मात्र जपून. तिथे नियमांत दोन वेगळे प्रकार मानतात, आणि ज्यात तुमच्यावर करारासारखं बंधन येतं ते आठवड्याच्या कामाच्या तासांत मोजलं जातं. स्वतःच अर्थ लावत बसू नका, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी विभागाकडून लेखी उत्तर घ्या.

बहुतेक ठिकाणी स्वतःच्या गाडीने जायचं असतं, आणि भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालतं. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा देऊन इथलं लायसन्स काढावंच लागतं. परीक्षेची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून सीएफआरचा विचार मनात आला की पहिलं काम हे करा. वेगमर्यादा ओलांडल्याचे पेनल्टी पॉइंट असतील तर लपवू नका. किती चालतात हे सेवेनुसार ठरतं, आणि लायसन्सची नोंद ते ऑनलाइन तपासतातच. त्यासाठी तुम्हाला एक कोड काढून द्यावा लागतो. तो २१ दिवसच चालतो, म्हणून मागतील तेव्हाच काढा.

विमा कंपनीला आधी कळवा: गाडी स्वयंसेवी कामासाठी वापरणार, आणि तिच्यात ऑक्सिजनचा सिलिंडर असेल. बऱ्याच कंपन्या यासाठी जादा पैसे घेत नाहीत. पण फोनवरच्या 'चालेल हो'वर विसंबू नका, ईमेल मागून घ्या.

एक गोष्ट आत्ताच स्पष्ट करते, कारण भावनेच्या भरात इथेच चूक होते. आपल्या गाडीला निळा दिवा नसतो. लाल सिग्नल, वेगमर्यादा, एकेरी रस्ता, सगळे नियम इतरांसारखेच लागू. समोरच्या घरात माणूस गुदमरत असला तरी ताशी ३० मैलांच्या रस्त्यावर ३० च. वाटेत अपघात केलात तर एकाऐवजी दोन ठिकाणी अ‍ॅम्ब्युलन्स लागेल.

४. कागद गोळा करा, आणि नावं जुळतात का ते बघा

साधारण हे लागतं:

• पासपोर्ट आणि व्हिसाचा ऑनलाइन पुरावा
• इथलं ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीचा विमा, आणि गाडीच्या वार्षिक तपासणीचं प्रमाणपत्र
• मागच्या पाच वर्षांतले सगळे पत्ते, महिन्यांसकट, मध्ये खंड न पडता
• पत्त्याचे दोन पुरावे: बँकेचं पत्रक, कौन्सिल टॅक्सचं (घरपट्टीसारख्या स्थानिक कराचं) बिल
• नात्यात नसलेल्या दोघांचे संदर्भ, त्यातला एक शक्यतो कामाच्या ठिकाणचा
• भारतातून अलीकडे आला असाल तर भारतीय पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट
• लसीकरणाचा जो मिळेल तो पुरावा

यातून डीबीएस नावाची गुन्हेगारी नोंदींची तपासणी होते. सीएफआरसाठी ती सविस्तर प्रकारची असते, आणि स्वयंसेवकांकडून तिचे पैसे घेत नाहीत. कोणी पैसे मागितले तर थांबा आणि चौकशी करा.

आपल्या लोकांची इथली खास अडचण म्हणजे नाव. माझ्या पासपोर्टवर माहेरचं नाव, मधे वडिलांचं. बँकेत सासरचं आडनाव. लायसन्सवर मधलं नाव नुसतं एका अक्षराचं. इथल्या कारकुनाच्या नजरेने त्या तीन वेगळ्या बायका होत्या. अर्ज दोनदा परत आला. लग्नाचं प्रमाणपत्र दिलं तर ते मराठीत. प्रमाणित भाषांतर करून घेईपर्यंत आणखी पाच आठवडे गेले. तुम्ही असं करा: अर्जात 'पूर्वीची सर्व नावं' असा रकाना असतो, त्यात माहेरचं, सासरचं, मधल्या नावासह आणि मधल्या नावाशिवाय, सगळं लिहा. लग्नाच्या दाखल्याचं इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा. पुरुषांचीही यातून सुटका नाही. वडिलांचं नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरूनही अर्ज अडतो.

पोलीस क्लिअरन्स भारतीय उच्चायुक्तालयामार्फत मिळतं, अर्ज व्हीएफएस या त्यांच्या वतीने अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात द्यायचा. भारतातल्या पत्त्यावर पोलीस चौकशीला जाऊ शकतात. घरी आई-वडील असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर दारात हवालदार बघून त्यांच्या पोटात गोळा येईल.

५. मुलाखत

दोन-तीन जण समोर बसतात आणि प्रसंग सांगतात. मला विचारलं होतं: 'रुग्णाची मुलगी तुमच्यावर ओरडते आहे की अ‍ॅम्ब्युलन्स का येत नाही. काय कराल?' आपल्याकडे मुलाखत म्हटलं की शिक्षण, टक्के, अनुभव सांगायची सवय असते. इथे त्याला फारसा अर्थ नाही. त्यांना बघायचं असतं की तुम्ही घाबरता का, वाद घालता का, आणि जे माहीत नाही त्याला माहीत नाही म्हणता का. मी म्हणाले होते की तिला ओरडू देईन, कारण तिची आई जमिनीवर पडलेली आहे. मग तिला एखादं काम सांगेन: दार उघडून ठेव, बाहेरचा दिवा लाव, औषधं एका पिशवीत आण. पाच वर्षांनंतरही मी अगदी हेच करते.

६. आरोग्य तपासणी

हेपॅटायटिस बी च्या लसीचे तीन डोस लागतात. नेहमीच्या वेळापत्रकाने पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी, आणि त्यानंतर रक्ततपासणी. तिन्ही संपेपर्यंत थांबवतात की आधी कामाला लावतात, हे तुमच्या सेवेच्या नियमावर. म्हणून अर्ज मंजूर झाला की लगेच पहिला डोस मागा.

नर्स डाव्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा, व्रण शोधते. आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावर तो असतो, आणि कागद हरवलेला असताना तो व्रणच कामी येतो. माझ्या नर्सने खिडकीजवळ नेऊन, बोटाने कातडी ताणून तो पाहिला आणि फॉर्मवर खूण केली. १९८० च्या दशकात कराडच्या दवाखान्यात टोचलेली ती सुई इतक्या वर्षांनी उपयोगी पडली.

कांजिण्या आणि गोवर यांत गोंधळ करू नका. कांजिण्या म्हणजे इथलं चिकनपॉक्स, गोवर म्हणजे मीझल्स. आईला फोन करून नेमकं काय झालं होतं ते विचारा. तरीही उष्ण प्रदेशात लहानपण गेलेल्यांची कांजिण्यांसाठी रक्ततपासणी करतात, कारण तिथे लहानपणी कांजिण्या न होता मोठं झालेले बरेच असतात आणि नुसत्या आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही.

७. प्रशिक्षण

साधारण पाच-सहा दिवसांचं असतं, बहुतेकदा शनिवार-रविवारी, शेवटी लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. काही सेवा फर्स्ट रिस्पॉन्स इमर्जन्सी केअरचं तिसऱ्या पातळीचं प्रमाणपत्र देतात.

सगळं एका क्रमावर उभं आहे: आधी स्वतःला धोका आहे का, मग रुग्ण प्रतिसाद देतो का, मोठा रक्तस्राव, श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध, आणि शेवटी अंगावर बाकी काही दिसतं का. हा क्रम झोपेतून उठवून विचारला तरी आला पाहिजे. मी महिनाभर भांडी घासताना तो मोठ्याने म्हणत असे.

छातीदाबाचे आकडे: खोली ५ ते ६ सेंटिमीटर, मिनिटाला १०० ते १२० दाब, ३० दाबांनंतर २ श्वास. पुतळ्यावर हे करताना पहिल्यांदा सगळ्यांचे हात हलके पडतात. कोणाला दुखवायची सवय नसते ना. प्रशिक्षकाने माझ्या हातांवर हात ठेवून दाबून दाखवलं, तेव्हा कळलं की ५ सेंटिमीटर म्हणजे किती खोल. खऱ्या माणसात कधी बरगडी मोडते, आणि ते हाताला जाणवतं. थांबायचं नाही.

शॉकचं मशीन, म्हणजे एईडी, स्वतः बोलून सूचना देतं. पॅड लावताना छाती कोरडी हवी, फार केस असतील तर वस्तरा फिरवायचा, औषधाची पट्टी चिकटवलेली असेल तर काढायची. एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली. कपडे कापताना बाईमाणूस आहे म्हणून हात अडखळू देऊ नका. १९६५ साली बेलफास्टमध्ये फ्रँक पॅन्ट्रिज यांनी रुग्णाच्या घरी नेता येईल असं पहिलं डिफिब्रिलेटर तयार केलं, तेव्हा ते मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालायचं आणि त्याचं वजन जवळपास एका माणसाएवढं होतं. आज तेच आपण एका हाताने उचलतो.

आता भारतातून आलेल्यांसाठी आकडे. रक्तातली साखर इथे मिलिमोलमध्ये मोजतात. आपल्या आकड्यासाठी १८ ने गुणायचं. ४ च्या खाली म्हणजे कमी, आपल्या हिशेबात ७२. सुरुवातीला मीटरवर ५.६ दिसलं की माझ्या छातीत धस्स व्हायचं. ते १०१ असतं, अगदी ठीक. ताप सेल्सिअसमध्ये: ३८ म्हणजे १००.४ फॅरनहाइट. वजन लोक स्टोनमध्ये सांगतात: १२ स्टोन म्हणजे साधारण ७६ किलो.

आणि भाषा. इंग्रजी उत्तम येत असलं तरी आजारपणाचं इंग्रजी वेगळं असतं. 'फनी टर्न' म्हणजे डोळ्यांपुढे अंधारी येऊन क्षणभर काही सुचेनासं होणं. 'पुअरली' म्हणजे बरं नसणं, आणि ते सर्दीपासून मरणापर्यंत काहीही असू शकतं. जुन्या पिढीचा माणूस 'मस्टन्ट ग्रम्बल' म्हणाला, म्हणजे तक्रार कशाला करायची, तर त्याच्या शब्दांकडे लक्ष देऊ नका, चेहऱ्याकडे बघा. राखाडी पडलेला, घामाने भिजलेला चेहरा कधी खोटं बोलत नाही.

आपल्या माणसांचंही असंच आहे. छातीत दुखलं की 'गॅस झालाय, ओवा खाल्लाय, होईल कमी'. बायका आणि मधुमेही यांना कधीकधी छातीत दुखतच नाही, नुसती धाप, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं एवढंच होतं. तुमच्या स्वतःच्या घरात कोणी असं म्हणालं, तरी ९९९ लावा.

८. पिशवी

गणवेश, ओळखपत्र, चमकणारं जाकीट आणि बॅगा सेवा किंवा गावातला गट देतो. बरेच गट स्थानिक धर्मादाय संस्था म्हणून चालतात आणि जत्रेत केक विकून मशीनचे पैसे उभे करतात. आमच्या गटासाठी मी दिवाळीत चकल्या आणि करंज्या केल्या होत्या, तासाभरात संपल्या.

पिशवीत एईडी, ऑक्सिजन, मास्क आणि हाताने दाबायची श्वासपिशवी, जीभ मागे पडू नये म्हणून घालायच्या नळ्या, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, बीपीचं यंत्र, साखर तपासायचं मीटर, थर्मामीटर, पट्ट्या, हातमोजे. काही ठिकाणी छातीदुखीसाठी ३०० मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिनही देता येते.

ऑक्सिजनचा हिशेब पाठ करा. आपल्याकडचा छोटा सिलिंडर ४६० लिटरचा. मिनिटाला १५ लिटरने लावला तर अर्ध्या तासात संपतो. खेड्यात अ‍ॅम्ब्युलन्सला तेवढा वेळ सहज लागू शकतो, म्हणून सुईकडे डोळा ठेवा आणि निम्मा झाला की कंट्रोल रूमला सांगा.

हिवाळ्यात पिशवी रात्रभर गाडीत ठेवू नका. गोठवणाऱ्या थंडीत साखरेच्या पट्ट्या चालत नाहीत. माझी पिशवी दाराजवळ, चपलांच्या शेजारी असते.

९. पहिला कॉल

फोनचा आवाज वेगळा असतो. पडद्यावर पत्ता, वय, तक्रार एका ओळीत. एकेका पोस्टकोडात चार-चार शेतघरं येतात, तेव्हा घराचं नाव वाचा, नुसत्या नकाशावर जाऊ नका. तीन शब्दांनी जागा सांगणारं अ‍ॅप इथल्या सेवा वापरतात, ते फोनवर असू द्या.

दारात गेल्यावर आपला हात आपोआप बुटांकडे जातो. बूट काढायचे नाहीत. जमिनीवर काच असेल, रक्त असेल, आणि पळायची वेळही येऊ शकते. कुत्रा असेल तर आधी दुसऱ्या खोलीत. घरातल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखत असेल तर बाहेर पडा आणि सगळ्यांना बाहेर काढा, कारण तो बॉयलरमधून आलेला कार्बन मोनॉक्साइड असू शकतो.

माझा पहिला कॉल नोव्हेंबरातला, पहाटे तीनचा, सत्तरीतल्या गृहस्थांना धाप लागल्याचा. ते पलंगाच्या कडेवर दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते. एका श्वासात दोनच शब्द. ओठ निळसर. ऑक्सिमीटर ८१ दाखवत होता. माझा हात सरळ मोठ्या मास्ककडे गेला. तेवढ्यात त्यांच्या बायकोने फ्रिजच्या दारावरचं एक कार्ड काढून माझ्या पुढ्यात धरलं. ते ऑक्सिजन अलर्ट कार्ड होतं. दीर्घ फुप्फुसविकार असलेल्या काही जणांना जास्त ऑक्सिजन दिला तर अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि ग्लानी येते. इतरांसाठी ९४ ते ९८ हे लक्ष्य, पण अशांसाठी ८८ ते ९२. मी कंट्रोल रूमला कार्ड वाचून दाखवलं आणि त्यांनी सांगितला तो छोटा मास्क लावला. मग गाडी येईपर्यंत ३४ मिनिटं त्यांच्या शेजारी बसून राहिले. दर पाच मिनिटांनी आकडे लिहिले. उरलेला वेळ त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. ते घट्ट पकडायचे, सोडायचे, पुन्हा पकडायचे.

तेव्हापासून मी कुठल्याही घरात गेले की फ्रिज बघते. लायन्स क्लबची एक योजना आहे: आजार आणि औषधांची माहिती एका छोट्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवतात, आणि फ्रिजवर व मुख्य दाराच्या आतल्या बाजूला हिरव्या क्रॉसचं स्टिकर लावतात. बोलता न येणाऱ्या माणसाची अर्धी माहिती तिथे मिळते.

तसंच, फार आजारी किंवा वृद्ध माणसाच्या घरी लवकर विचारा की 'रिस्पेक्ट' नावाचा जांभळा फॉर्म आहे का. हृदय बंद पडल्यावर छातीदाब द्यायचा की नाही, याबद्दल रुग्ण आणि डॉक्टरांनी ठरवलेलं त्यावर लिहिलेलं असतं. आपल्या मनाला हे जड जातं. माझ्याही गेलं. पण तो निर्णय त्या माणसाने विचारपूर्वक घेतलेला असतो.

पॅरामेडिक आले की थोडक्यात सांगा: वय, काय झालं, कधी, काय आढळलं, काय दिलं. वीस सेकंदांत. मग बाजूला व्हा, पण निघून जाऊ नका. स्ट्रेचरसाठी टेबल सरकवायला, जिन्यावर दिवा धरायला, बायकोला चष्मा आणि औषधं शोधून द्यायला माणूस लागतो.

१०. नंतरचं

ब्रिटनमध्ये हॉस्पिटलबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी दहांत एकही जण वाचत नाही. हे पहिल्या दिवशीच माहीत असू द्या. तुम्ही सगळं बरोबर करूनही बहुतेक वेळा माणूस जाणार आहे. अशा कॉलनंतर गटप्रमुखाचा फोन येतो, प्रशिक्षित सहकाऱ्याशी बोलायची सोय असते. 'मी ठीक आहे' म्हणून ती टाळू नका. मी पहिल्या वेळी टाळली, आणि तीन आठवडे त्या घराच्या रस्त्याने जायचंच सोडून दिलं होतं.

कोणाच्या घरी गेलात ते कोणालाही सांगायचं नाही. गाव लहान, आणि मराठी मंडळ त्याहून लहान. 'काल त्या अमक्यांकडे अ‍ॅम्ब्युलन्स होती ना, तू होतीस का?' असं सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेत विचारतात. 'मी कामाबद्दल बोलत नाही हो,' एवढंच म्हणा आणि शिरा घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, पत्ता, अंदाज, काहीही नको. घरी नवऱ्यालाही मी 'गेले होते, आले' एवढंच सांगते.

आणि परत आल्यावर, कितीही वाजले असले तरी, झोपायच्या आधी पिशवी भरा. वापरलेले पॅड बदला, मास्क नवा ठेवा, सिलिंडरची सुई बघा, हातमोजे मोजा, यंत्रं पुसा. सिलिंडर बदलून मिळेपर्यंत अ‍ॅप बंद. सगळं जागेवर आलं, चेन लावली, पिशवी दाराजवळ ठेवली, की मगच पुन्हा 'उपलब्ध' करा.